खंडेनवमीचा धोटा

पूजेच्या चौरंगावर प्रतापसिंहाला काहीतरी भलतंच दिसलं. हातभरही नसेल अशी लाकडी होडी, दोन्ही टोकांना निमुळती, पोटात पोकळ. तिला हळदकुंकू लावलं होतं, वर शेवंतीचं फूल वाहिलं होतं.

"कनकलता! कोलूतली होडी इथं कुणी आणून ठेवली?"

त्याची चौदा वर्षांची मुलगी कोलूच्या, म्हणजे नवरात्रातल्या आराशीच्या, पायऱ्यांवरच्या बाहुल्या सारख्या करीत होती. मान वर न करता ती म्हणाली, "होडी नाही ती, अप्पा. धोटा आहे. विणकराचा. आजोबांनी ठेवलाय."

"आणि तलवारी?"

कनकलतेनं बोट दाखवलं. परवाच सुताराकडून करवून आणलेल्या, चंदेरी बेगड चिकटवलेल्या दोन लाकडी तलवारी कोलूच्या सर्वांत खालच्या पायरीवर, बाहुल्यांच्या राजाच्या पायाशी ठेवलेल्या होत्या. तिथं त्या अगदी शोभत होत्या.

प्रतापसिंहाच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. दर खंडेनवमीला या चौरंगावर घरातल्या खऱ्या तलवारी मांडल्या जायच्या, चार पिढ्यांच्या. तंजावरचं राज्य खालसा झालं, राजवाड्याची पागा मोडली, तरी त्या तलवारी घरात राहिल्या होत्या. गेल्या वर्षी हत्यारांचा नवा कायदा आला आणि राजवाड्याच्या आसपासच्या सगळ्याच मराठी घरांतून त्या गेल्या. या घरातल्या प्रतापसिंहाच्या वडिलांनी, तुकोजीरावांनी, स्वतःच्या हातांनी धोतरात गुंडाळून कचेरीत नेऊन दिल्या होत्या. यंदा चौरंग मोकळा दिसू नये म्हणून प्रतापसिंहानं लाकडाच्या करवल्या होत्या. त्यातून उद्या दसरा. उद्या संध्याकाळी कुंभकोणहून व्यंकोजीराव जगताप सोनं द्यायला म्हणून येणार होते, आणि बोलण्यात सगळं जमलं तर कनकलतेला आपल्या मुलासाठी मागणार होते.

तुकोजीराव विहिरीवरून अंघोळ करून आले. साठी गाठलेली, पण पाठ अजून ताठ. ओले केस मागे सारून ते थेट चौरंगापाशी गेले आणि धोट्यावरचं फूल जरा नीट केलं.

"आबा, हा कुणाचा धोटा?"

"माझा."

"तुमचा म्हणजे?"

"व्यंकटरमणनं दिला. विणकरांच्या आळीतला. मी सकाळी फिरायला म्हणून जातो ना, ते त्याच्याकडेच जातो." तुकोजीरावांनी पंच्यानं मान पुसली. "विणायला शिकतोय मी, प्रताप."

बाहुल्या सारख्या करणारे कनकलतेचे हात थांबले. स्वयंपाकघराच्या दारात तिची आई कमलाक्षी प्रसादाच्या सुंडलाचं, हरभऱ्याच्या उसळीचं, पातेलं घेऊन उभी राहिली.

"शिकताय," प्रतापसिंह म्हणाला. "मागावर बसून."

"मागावर नाही. खड्ड्यात पाय सोडून बसावं लागतं."

"हे तुम्ही हसत सांगता?"

"हसत नाही सांगत. तू विचारलंस म्हणून सांगितलं."

"आपल्याला काय कमी आहे, आबा? पापनाशमची शेती आहे, भात घरात येतंय. लोक म्हणतील, पागेच्या सरदारांवर पंचे विणायची पाळी आली. उद्या जगताप येणार आहेत! त्यांच्या नजरेला हे पडलं तर?"

"म्हणून त्यांना खेळण्यातल्या तलवारी दाखवायच्या?" तुकोजीरावांचा आवाज पहिल्यांदा चढला. "देवासमोर बेगड ठेवायची? ज्या हत्याराला हात लावून काम करतो, त्याची आज पूजा करायची असते. माझ्या हातात आज हे आहे. दुसरं काही नाही."

अंबाक्का देवघरातून जपाची माळ घेऊन बाहेर आल्या. त्या तुकोजीरावांच्या थोरल्या बहीण, नवरात्रासाठी तिरुवैयारुहून आलेल्या. नवरा गेल्यापासून त्या त्याच गावात, कावेरीच्या काठी राहत होत्या. त्यांच्यापुढे या घरात आवाज चढवायची कुणाची छाती नव्हती.

"तुक्या, मुलगा बरोबर बोलतोय," त्या म्हणाल्या. "तुझं तुझ्यापाशी ठेव की. उद्याचा दिवस जाऊ दे. पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे."

"मामंजी," कमलाक्षी पातेल्याकडे बघत हळूच म्हणाली, "उद्याचा एकच दिवस तो आत ठेवलात तर..."

तुकोजीरावांनी सगळ्यांकडे पाहिलं. तिघं एका बाजूला होती. मग ते तिण्णैवर, बाहेरच्या ओट्यावर, जाऊन बसले.

*

अंबाक्का मागोमाग गेल्या, त्या त्याला आणखी दोन शब्द सुनवायला. पण खांबाला टेकून बसलेला भाऊ बघून त्यांना वेगळंच काही जाणवलं. चैत्रात त्या इथं येऊन गेल्या, तेव्हा हा माणूस भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. पानावर बसायचा आणि भात चिवडून उठायचा. आता त्याच्या चेहऱ्यावर तेज होतं. गाल भरले होते. त्याच्या बोटांची टोकं मात्र कसल्याशा कापल्याच्या खुणांनी भरली होती.

"हे काय?"

"दोरा कापतो, अक्का. सुती दोरा, पण ताणलेला असला की पात्यासारखा असतो."

"हे वेड कुठून शिरलं तुझ्या डोक्यात?"

तुकोजीरावांनी समोर पाहिलं. रस्त्यावर शेजारच्या घरची मुलगी दारापुढची रांगोळी, कोलम, पुन्हा पुन्हा पुसून काढत होती.

"तलवारी देऊन परत येत होतो," ते म्हणाले. "हात मोकळे होते. चालताना हात कुठं ठेवायचे तेच सुचेना. आपल्या रस्त्यानं यायची लाज वाटली, म्हणून विणकरांच्या आळीतून आलो. प्रत्येक घरातून तो आवाज येत होता, खटक, खटक. जन्मभर ऐकलाय मी तो, घोड्यावरून जाताना. त्या दिवशी पायी होतो. एका दारापाशी थांबलो. आत व्यंकटरमण बसला होता. समोर दोरे. एवढे दोरे, अक्का, की ते दोरे आहेत असं वाटेना. धुकं वाटावं. त्यानं पाय दाबला. अर्धं धुकं वर गेलं, अर्धं खाली, आणि मधे वाट उघडली. त्या वाटेतून त्यानं धोटा फेकला. वाट मिटली. दोरा दाबायची फणी ओढली. तेवढ्या जागेत कापड झालं होतं. माझ्या डोळ्यांसमोर. मी तसाच उभा राहिलो. त्यानं तमिळमध्ये अदबीनं विचारलं, काय हवं, अय्या? म्हटलं, पुन्हा कर."

अंबाक्कांच्या हातातली माळ थांबली होती.

"आपल्या आजोबांच्या तलवारीनं मी जन्मात काय कापलं, सांगू? दसऱ्याला केळीचे खुंट आणि भोपळे. लढाई मी पाहिलीच नाही. लोक मला सरदार म्हणत आले आणि मी म्हणवून घेत आलो. चैत्रभर पडून राहिलो, पण तो खटक आवाज कानातून गेला नाही; म्हणून आता साठाव्या वर्षी एक काम येत नाही, ते शिकतोय. रोज चुकतो. त्याची बायको हसते मला, सुताच्या रहाटापाशी बसून. तरी दुसऱ्या दिवशी कधी उजाडतं असं होतं मला."

अंबाक्कांनी त्याची कापलेली बोटं आपल्या हातात घेऊन पाहिली. मग उठता उठता म्हणाल्या, "आज तो धोटा तिथंच राहील. मी सांगते प्रतापला. उद्याचं मात्र तुझं तू बघ."

त्यांनी आत जाऊन तसं सांगितलं. प्रतापसिंहाला आपली बाजू अशी मधेच सुटलेली बघून धक्का बसला. "आत्याबाई, आत्ता तर तुम्ही..." एवढंच तो म्हणाला. कमलाक्षीनं मात्र डोळ्यांना पदर लावला. "माझ्या लेकीचा विचार कुणी करणार आहे का?"

ते ऐकून तुकोजीराव आत आले. ते सुनेशी बोलले नाहीत, मुलाशी बोलले नाहीत. कोलूपाशी बसलेल्या नातीसमोर जाऊन मांडी घालून बसले.

"पोरी, हे तुझ्यावर येतंय. म्हणून तू सांग. तू म्हणालीस सोडा, तर आज हा धोटा व्यंकटरमणला परत देतो आणि पुन्हा त्या आळीत पाऊल टाकत नाही. रागावणार नाही. खरंच."

कनकलतेनं हातातली बाहुली खाली ठेवली. जगतापांचा मुलगा तिनं एकदाच पाहिला होता, कुंभकोणच्या उत्सवात, मित्रांबरोबर हसत चाललेला. ते हसणं तिला आवडलं होतं, हे तिनं कुणालाही सांगितलं नव्हतं. ती चौरंगावरच्या त्या लाकडाच्या तुकड्याकडे बघत राहिली. एवढ्याशासाठी आजोबा असे समोर येऊन बसावेत?

"मला आधी दाखवा," ती म्हणाली. "मग सांगते."

"आज नाही दाखवता येणार. पूजेला बसलेलं हत्यार आज चालवायचं नसतं."

"उद्या सकाळी."

"उद्या सकाळी," तुकोजीराव म्हणाले.

*

विजयादशमीला सकाळी लोक पूजेतून आपापली हत्यारं उचलतात आणि कामाला पुन्हा हात घालतात. लहान मुलांचं पहिलं अक्षरही त्याच दिवशी गिरवून घेतात. तुकोजीरावांनी धोटा उचलून कपाळाला लावला, कनकलतेला बरोबर घेतलं. पोरीला एकटीला कसं पाठवायचं, म्हणून प्रतापसिंह निघाला. मनात त्यानं ठरवलं होतं की, तिथला खड्डा आणि अंधार बघितला की मुलगीच नको म्हणेल आणि प्रश्न आपोआप मिटेल.

व्यंकटरमणचं घर अरुंद होतं, पण लांब. तो आपल्या विणकर जातीची भाषा बायकोशी बोलायचा आणि पाहुण्यांशी तमिळ. "या, या. आज सगळे शिकायला आले वाटतं," असं म्हणून त्यानं मागाला कुंकू लावलं आणि तुकोजीरावांना जागा करून दिली.

तुकोजीराव खड्ड्याच्या काठावर बसले, पाय खाली सोडले. छपराच्या एका उघड्या कौलातून उजेड पडत होता, तो नेमका दोऱ्यांवर. कनकलता भिंतीपाशी उभी होती. तिला समोर पांढरं, सपाट, थरथरणारं काहीतरी दिसत होतं. आजोबांनी पाय दाबला आणि ते दुभंगलं. तिला वाटलं होतं, माग म्हणजे एक लाकडी यंत्र असेल. हे जिवंत होतं. ते उघडत होतं आणि मिटत होतं.

आजोबांनी धोटा फेकला. तो अर्ध्यावर अडकला. त्यांनी काढून घेतला, पुन्हा फेकला. पलीकडच्या हातानं झेलला. फणी ओढली. खटक. मग दुसरा पाय. वाट आता उलटी उघडली, खालचे दोरे वर आले, वरचे खाली. खटक. पुन्हा पहिला पाय.

"घाई करू नका, अय्या," व्यंकटरमण म्हणाला. "पाय आधी. मग हात. तुमचा हात पायाच्या पुढे पळतो. मीही बापाकडून याच्यासाठी मार खाल्लाय."

प्रतापसिंह दारातच होता. त्यानं अंधार बघितला, खड्डा बघितला. पण त्याचं लक्ष तिथं राहिलं नाही. त्याचं लक्ष वडिलांच्या तोंडाकडे गेलं. तुकोजीरावांच्या जिभेचं टोक दातांत धरलेलं होतं. पाटीवर पहिलं अक्षर काढणाऱ्या पोराचं असतं तसं. कपाळावर घाम होता. ते कुणाकडेही बघत नव्हते.

प्रतापसिंहाला आठवत होतं तेव्हापासून वडिलांना सगळं येत होतं. घोडा येत होता, हिशेब येत होता, माणसं ओळखता येत होती. त्यांना काही येत नाही, हे त्यानं कधी पाहिलं नव्हतं. न येणाऱ्या गोष्टीपुढे ते असे बसतील, चुकतील, मान खाली घालून ऐकून घेतील आणि पुन्हा करतील, हे त्यानं कल्पनेतही आणलं नव्हतं. त्याला वाटलं, आपण वडिलांना आज पहिल्यांदा बघतोय.

एक दोरा तुटला. तुकोजीराव लगेच थांबले. त्या सगळ्या पांढऱ्यातून तुटलेली दोन टोकं त्यांनी हातांनीच चाचपत शोधली. त्यांची बोटं जाड होती, लगाम धरून धरून तळवे घट्ट झालेले. ती जाड बोटं केसाएवढ्या दोऱ्याशी इतक्या हलकेपणानं वागत होती की प्रतापसिंह बघण्यासाठी एक पाऊल आत आला. गाठ बसली. तुकोजीरावांनी ओठ लावून दोरा ओला केला, गाठ दोन बोटांत दाबली, आणि ती दिसेनाशी झाली.

"मला करू द्या," कनकलता म्हणाली.

व्यंकटरमणनं तिच्याकडे पाहिलं, मग प्रतापसिंहाकडे. प्रतापसिंह उजेडातून बाजूला झाला. तुकोजीराव उठले. मुलगी परकर सावरून काठावर बसली, तिचे पाय खालच्या पट्ट्यांपर्यंत जेमतेम पोचले.

पहिल्या खेपेला धोटा दोऱ्यांच्या खालून जाऊन जमिनीवर पडला. रहाटापाशी बसलेली व्यंकटरमणची बायको हसली, कनकलताही हसली. दुसऱ्या खेपेला तिनं पाय घट्ट दाबला, वाट पूर्ण उघडेपर्यंत थांबली आणि फेकला. धोटा सळसळत पलीकडे गेला. तिनं फणी पोटाशी ओढली. खटक.

ती वाकून बघत राहिली. "माझा कुठला?"

"काय?"

"आत्ता घातलेला दोरा. कुठला तो?"

तिनं बोट फिरवलं. तो दोरा नव्हता. क्षणापूर्वी तो एकटा होता, तिच्या हातून गेला होता, आणि आता सापडत नव्हता. तिथं फक्त कापड होतं.

"नाही सापडायचा," तुकोजीराव म्हणाले. "मीही पहिल्या दिवशी तेच शोधत बसलो होतो."

कनकलता बराच वेळ त्या कापडावर तळहात ठेवून बसली. मग तिनं वर पाहिलं. "आजोबा, सोडू नका."

"आणि संध्याकाळी पाहुणे?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिनं शब्द मागे घेतला नाही. "मला ते स्थळ हवं होतं," ती म्हणाली, वडिलांकडे न बघता. "तरी सोडू नका."

*

घरी आल्यावर तुकोजीराव अंबाक्कांना म्हणाले, "अक्का, मी संध्याकाळी आळीतच थांबतो. घरी असलो तर मला विचारतील आणि मला खोटं बोलता यायचं नाही. प्रतापला जे सांगायचं ते सांगू दे. त्याची मुलगी आहे. मी काही मनात धरणार नाही."

कमलाक्षीनं नवऱ्याला उत्तर तयार करून दिलं होतं. मोठ्या देवळात गेलेत म्हणायचं, उत्सव आहे, गर्दीत अडकले असतील. दसऱ्याच्या दिवशी ते खोटंही वाटलं नसतं.

व्यंकोजीराव जगताप आले. भारदस्त गृहस्थ, अत्तराचा वास, डोक्याला जरीचा पटका. शमीची पानं दिली-घेतली गेली. सुंडल आणि कॉफी झाली. कनकलतेनं येऊन नमस्कार केला आणि ती दाराआड जाऊन उभी राहिली. व्यंकोजीरावांनी तिचं कौतुक केलं. बोलणं जमिनींवरून पागेच्या जुन्या दिवसांवर आलं.

"आबासाहेब दिसत नाहीत?" त्यांनी विचारलं. "त्यांची गाठ घ्यावी म्हणून तर मुद्दाम आलो."

कमलाक्षीनं दारातून नवऱ्याकडे पाहिलं. प्रतापसिंहानं विड्याचं तबक पुढे सरकवलं. देवळाचं नाव त्याच्या ओठांवर आलेलं होतं.

"मागावर बसलेत," तो म्हणाला.

"माग?" व्यंकोजीराव थांबले. मग त्यांना समजल्यासारखं वाटलं. "अच्छा, माग टाकलेत म्हणा तुम्ही. माणसं ठेवलीत विणायला. चांगलं आहे. हल्ली बरेच जण करतात."

वाट मिळत होती. पाहुण्यांनी स्वतःच काढून दिली होती. नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं.

"नाही," प्रतापसिंह म्हणाला. "ते स्वतः विणतात. म्हणजे, शिकताहेत. अजून कापडाची कड सरळ येत नाही त्यांची." हे बोलताना त्याच्या आवाजात काय होतं ते त्याला कळलं नाही, पण अंबाक्कांनी जपाची माळ खाली ठेवली. "मी सकाळी बघून आलो. तुम्हीही एकदा बघावं, व्यंकोजीराव. मला सांगता येत नाही, पण बघण्यासारखं आहे."

व्यंकोजीरावांनी विडा उचलला, बोटांत फिरवला आणि तबकात परत ठेवला. आणखी थोडं पावसापाण्याचं बोलून ते उठले. दारापर्यंत त्यांचं वागणं अगदी रीतीचं होतं. कुंभकोणहून नंतर निरोप आला नाही, आणि येणार नाही हे त्याच संध्याकाळी सगळ्यांना कळलं होतं.

कमलाक्षी स्वयंपाकघरात गेली आणि तिनं भांडी आपटली. ती नवऱ्याशी कितीतरी दिवस धड बोलली नाही, आणि तिचं काही चुकलं असं घरात कुणी म्हटलं नाही. कनकलता अंबाक्कांच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. अंबाक्कांनी तिला उगी म्हटलं नाही. केसांतून हात फिरवत त्या एवढंच म्हणाल्या, "तुझ्या बापाला आज मी पहिल्यांदा तुक्याचा मुलगा म्हणून ओळखलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तुकोजीराव निघाले, तेव्हा प्रतापसिंह चपला घालून उभा होता. तो बरोबर चालू लागला.

विणकरांच्या आळीत त्या दिवशी नवा ताणा ओढत होते. आळीच्या या तोंडापासून त्या तोंडापर्यंत, दोन्हीकडच्या घरांच्या मधोमध, बांबूंच्या आधारानं पांढरे दोरे पसरलेले होते. माणसं दोन्ही बाजूंनी दोऱ्यांना खळीसारखी पेज लावत, कुंचे फिरवत पुढे सरकत होती. ऊन नुकतंच वर आलं होतं आणि सबंध गल्ली कावेरीच्या पाण्यासारखी चमकत होती.

"कुणीतरी हे टोक धरा!" व्यंकटरमण ओरडला. त्याचा माणूस आला नव्हता.

तुकोजीराव पुढे होणार, तेवढ्यात प्रतापसिंहानं चपला काढल्या, अंगरख्याच्या बाह्या मागे सारल्या आणि टोकाची काठी दोन्ही हातांनी धरली.

"ओढा, अय्या! ढिलं सोडू नका!"

त्यानं ओढलं. दोरे ताठ झाले. आळीच्या दुसऱ्या तोंडाला, जिथली माणसं त्याला ठिपक्यांएवढी दिसत होती, तिथं कुणीतरी ताण्यावर हात ठेवला. त्या हाताचा दाब ताठ दोऱ्यांतून थेट प्रतापसिंहाच्या तळव्याला जाणवला. त्यानं चकित होऊन वडिलांकडे पाहिलं, पण तुकोजीराव पेजेच्या भांड्यावर वाकलेले होते. प्रतापसिंह पाय रोवून उभा राहिला आणि ते टोक त्यानं आणखी घट्ट धरलं.